पांजरपोळाचा रविवार

गेल्या पावसाळ्यात आमच्या खडकवासल्यातील पाच तरुण कामगार मजकडे आले. धरणाच्या चौपाटीवर रविवारी कणसे-भजी खाणाऱ्यांची रीघ लागते. त्यांच्या उष्ट्यावर त्या दिवशी कुत्र्यांचे पोट भरते आणि सोमवारी तीच कुत्री उपाशी हिंडतात. हे पाहून या मुलांनी ठरविले, की सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या आश्रयगृहात सेवा करावयाची. त्यासाठी तयारी कोणती करावी, असे त्यांनी विचारले. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झालेले. म्हणून उत्तर देण्यापूर्वी मी इतिहास चाळला.

हा इतिहास एका हरताळापासून सुरू होतो. मुंबईत त्या काळी उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघे व मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. जरथुष्ट्री धर्मात तर कुत्र्याला पवित्र स्थान आहे. 6 जून 1832 रोजी पारशी मंडळींनी शिपायांना घेरले आणि दुसऱ्या दिवशी शहरात हरताळ पडला. जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले. दुकाने मिटली, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. शेवटी सरकारला लष्कर बोलवावे लागले.

ही हकीगत वाचताना माझ्यासारख्याचे मन हरखते, हे मी लपवीत नाही. पण तीस वर्षांच्या अनुभवाने मला एक गोष्ट कळली आहे. संपाचा दिवस उत्साहावर निभावतो, त्यापुढचे दिवस मात्र संघटनेवरच निभावतात. मुंबईकरांनी हे ओळखले. 1834 साली जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजींच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. तथापि पांजरपोळांची रीत शिकण्यासारखी आहे. एका दिवसाच्या दानाने चारा पुरत नाही, म्हणून व्यापारी मालाच्या उलाढालीवर ठरावीक लागा देत. आमच्या भाषेत, दयेला त्यांनी वर्गणीची पावती लावली.

पुढे 1874 मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्थाही निघाली. घोडे आणि बैल हे त्या शहराचे मजूरच होते. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून 1883 साली परळच्या पशुरुग्णालयाचा पाया पडला. त्याला नाव मिळाले ते बाई साकरबाईंचे. त्याच आवारात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दयेला प्रथम वर्गणीची जोड मिळाली होती, आता ज्ञानाचीही मिळाली.

मंडळी, त्याच परळात सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती मागितली. ती मिळावयास 1890 साल उजाडले. जनावरांना इस्पितळ मिळाले याबद्दल माझी कुरकूर नाही. पण ज्या रविवारी आपण सेवेला निघतो, तो रविवार आपल्याला कोणी मिळवून दिला, हे लक्षात असावे.

मुलांना पाठविण्यापूर्वी मी एकटाच एका आश्रयगृहात जाऊन आलो. प्रेमाने दोन लिटर दूध नेले आणि न विचारता कुत्र्यांना पाजले. पुढच्या खेपेस तेथील राखणदार म्हणाला, "काका, तुम्ही माया करून गेलात, पण रात्रभर घाण आम्ही धुतली." मी खाली मान घातली. मग त्यालाच विचारले, "बाबा, तू सुट्टी केव्हा घेतोस?" तो हसून म्हणाला, "जनावराला कसला आलाय रविवार?"

त्या हसण्यातच मुलांच्या प्रश्नाचे उत्तर होते. मी त्यांना सांगितले, की जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची लस टोचून घ्या. रेबीज एकदा उमटला, की जवळजवळ हमखास मृत्यूच. कुत्रे चावलेच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा. घरचे अन्न नेऊ नका, संस्थेला काय हवे ते आधी विचारा. भेदरलेल्या जनावराच्या अंगाशी जाऊ नका. प्रथम झाडू धरा. खाणे, औषध आणि वेळ वहीत लिहावयास शिका. दरमहा ठरलेली वर्गणी द्या, मग ती पन्नास रुपये का असेना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राखणदाराची भाकरी हिरावू नका. फुकट काम करणारी माणसे मिळाली म्हणजे पगारी माणूस कमी करण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. तसे दिसले, तर सेवा थांबवा आणि बोला.

तीन महिने मुले त्याच राखणदाराच्या हाताखाली शिकली. पाचांपैकी दोघे गळाले, तिघे टिकले. नंतर आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो आणि एकच मागणी ठेवली. रविवारी ही तीन मुले हाताखाली राबतील, त्या बदल्यात राखणदारांना पाळीपाळीने भरपगारी सुट्टी द्यावी. दोन बैठकांनंतर त्यांनी ती मान्य केली. गेल्या रविवारी तो राखणदार बायकामुलांसह धरणाच्या चौपाटीवर मला भेटला. कणीस खात होता. उरलेला बुरकुंडा त्याने कुत्र्याला टाकला नाही, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.