परतूरच्या परिसरातील शेतकरी कामगार पक्ष

परतूर तालुका आज जालना जिल्ह्यात असला, तरी 1 मे 1981 रोजी हा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत तो परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि त्यामुळे दुधना नदीकाठच्या या मुलखातील काँग्रेसविरोधी राजकारणाची मुळे जालन्यात नव्हे, तर परभणीत शोधावी लागतात. त्या राजकारणात एके काळी सर्वांत ठळक नाव होते ते शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या शेकापचे.

हा पक्ष मराठवाड्यात जन्मला नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून 1948 मध्ये त्याची स्वतंत्र उभारणी केली, आणि 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे मार्क्सवादी भूमिका मांडणारा जो प्रबंध स्वीकारला गेला, त्याने पक्षाला वैचारिक बैठक दिली. मात्र निजामी राज्यातून नुकत्याच सुटलेल्या शेतकऱ्याला या पक्षाजवळ आणले ते प्रबंधाने नव्हे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, पुढच्या वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या आणि 1950 मध्ये कूळ कायदा आला. पण कागदावरचा हक्क आणि ताब्यातली जमीन यांत मोठे अंतर उरले. लेव्हीचा, म्हणजे सरकारी भावाने धान्याचा ठरावीक वाटा सक्तीने घालण्याच्या पद्धतीचा, जाच ताजा होता. ज्याच्या खळ्यावरचे धान्य असे उचलले जात होते, त्याला शेतकऱ्याचे नाव लावणारा पक्ष आपला वाटला, यात नवल नाही.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकी. निरक्षरांची संख्या मोठी असलेल्या या भागात माणसाने पक्ष ओळखला तो अक्षरांवरून नव्हे, चित्रावरून. या निवडणुकीत शेकापने 175 सदस्यांच्या हैदराबाद विधानसभेत 10 जागा मिळवल्या. लोकसभेत त्याचे देशभरातून दोनच खासदार गेले: सोलापुरातून शंकरराव मोरे आणि परभणीतून नारायणराव वाघमारे. परतूर ज्या जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्याने एवढ्या लहान पक्षाला दिलेली ही साथ मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात दुर्लक्षित राहू नये.

पुढे ही साथ टिकली नाही. 1954 मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर पक्षाने द्विभाषिक मुंबई राज्यात 31 जागा जिंकल्या खऱ्या, परंतु त्या लाटेचे बळ पश्चिम महाराष्ट्रात होते, मराठवाड्यात काँग्रेसच वरचढ ठरली. त्याहून खोल परिणाम झाला तो 1 मे 1962 पासून कामाला लागलेल्या जिल्हा परिषदांचा आणि त्यांच्या जोडीने वाढलेल्या सहकारी संस्थांचा. पीककर्ज, बियाणे, शाळा, रस्ता ही सारी कामे ज्यांच्या हातून होऊ लागली, त्यांच्याभोवती गावचे पुढारी गोळा झाले. मोर्चा काढणारा पक्ष आदर मिळवी, पण सोसायटीचे कर्ज मंजूर करण्याची सत्ता त्याच्याकडे नव्हती. सांगोल्यात गणपतराव देशमुखांनी आणि रायगडात पाटील घराण्याने संघटना आणि स्थानिक सत्ता यांची सांगड घातली, म्हणून तिथे पक्ष दीर्घकाळ तगला; दुधनाकाठी तशी सांगड बसली नाही.

1972 मध्ये विधानसभेत अवघ्या 7 जागांवर आलेला शेकाप आणीबाणीनंतरच्या 1977 च्या लोकसभा निवडणुकीत पुन्हा उसळला. त्याचे पाच खासदार निवडून आले आणि त्यांतले तिघे, कंधारचे केशवराव धोंडगे, उस्मानाबादचे उद्धवराव पाटील आणि परभणीचे शेषराव देशमुख, मराठवाड्यातले होते. पंचवीस वर्षांनी परभणीची लोकसभेची जागा पक्षाकडे परत आली, तीही एकट्याच्या बळावर नव्हे, जनता लाटेच्या सोबतीने. 1978 मध्ये तो पुलोद, म्हणजे शरद पवारांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दल, या आघाडी सरकारात सामील झाला, ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले, आणि त्याआधीच, जानेवारीतल्या निवडणुकीत, परभणीची जागा काँग्रेसचे रामराव यादव यांनी घेतली होती. 1984 मध्येही तेच जिंकले.

याच सुमारास परतूर जालना जिल्ह्यात गेले, आणि 1985 नंतर मराठवाड्यात शिवसेनेने पाय रोवल्यावर काँग्रेसविरोधी मताला दुसरे घर मिळाले. शेतमालाच्या भावावर बोलणाऱ्या शेकापपेक्षा अस्मितेची भाषा तरुणांना अधिक जवळची वाटली. ही त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या निष्ठेची उणीव नव्हती, त्यांनी उभारलेल्या प्रश्नांना निवडणुकीत लागणारी यंत्रणा मात्र त्यांच्याजवळ उरली नव्हती. परतूर विधानसभेची जागा 1999 व 2004 मध्ये भाजपचे बबनराव लोणीकर यांनी जिंकली; 2009 मध्ये अपक्ष सुरेशकुमार जेथलिया विजयी झाले, आणि 2014 पासून ती पुन्हा लोणीकरांकडे आहे. परभणी जिल्ह्यातून बाहेर पडलेले परतूर, 2008 च्या पुनर्रचनेनंतर, लोकसभेसाठी मात्र परभणीतच मतदान करते.