नामदार गोखले यांची आफ्रिकेतील मराठी भाषणे



लोणावळ्याच्या वळवण धरणावर आपण सारे कधी ना कधी गेलेलो आहोत. टाटांच्या या वीज योजनेची कोनशिला १९११ साली लोणावळ्यास बसली. त्याच्या दोनच वर्षे आधी जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी पंचवीस हजार रुपये दिले होते. पुढे ही देणगी सव्वा लाखावर गेली. गंमत अशी की, तेच सत्याग्रहाचे हत्यार १९२१ साली टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध आपल्या शेजारच्या शेतकऱ्यांनी उचलले. पण तो विषय वेगळा.

आफ्रिकेतला तो लढा कशासाठी होता? इंग्रजी साम्राज्यात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नाताळ यांसारख्या ज्या वसाहतींत गोरे लोक कायमचे राहावयास गेले, त्यांनी विलायत सरकारकडे सुधारणा मागितल्या आणि जबाबदार राज्यपद्धती मिळविली. आपले पुढारीही त्याच धर्तीचे स्वराज्य मागत होते. १९०५ च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने गोखल्यांनी तेच ध्येय मांडले. परंतु ही सुधारणा गोऱ्यांच्या हाती पडल्यावर काय होते ते नाताळात दिसले. १८९३ साली नाताळला जबाबदार सरकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचे बिल आले. ट्रान्सवालमध्ये तर कमालच झाली. प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगावा असा वटहुकूम १९०६ साली निघाला. विलायत सरकारने त्यास मंजुरी नाकारली. पण १९०७ च्या आरंभी ट्रान्सवालला स्वराज्य मिळताच नव्या पार्लमेंटने तोच कायदा पुन्हा पास केला आणि विलायतेने मुकाट्याने मान्य केला!

या कायद्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. वयोवृद्ध व्यापारी शेठ हाजी हबीब उठले आणि म्हणाले, हा ठराव आपण अल्लाला साक्षी ठेवून केला पाहिजे. शपथेचे हे बोलणे ऐकून गांधीजीसुद्धा क्षणभर चपापले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. वाचकहो, सत्याग्रहाच्या इतिहासातील पहिली प्रतिज्ञा अशी एका हाजीच्या तोंडून निघाली, हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. १९०८ साली परवान्यांची होळी झाली तीही हमीदिया मशिदीच्या आवारात. हमीदिया इस्लामिक सोसायटीचे इमाम अब्दुल कादिर बावझीर तुरुंगात गेले. पुढे ते साबरमतीस येऊन राहिले आणि १९३० च्या धारासणाच्या मिठाच्या सत्याग्रहातही पुढे होते.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाऊनला उतरले. त्यांच्या या दौऱ्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेत कोकणी मुसलमानांची बरीच वस्ती होती. त्यांनी आणि काही महाराष्ट्रीय हिंदूंनी गांधीजींमार्फत निरोप धाडला की, गोखल्यांनी आमच्यापुढे मराठीत बोलावे. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व सर्वांना ठाऊक होते. पण या माणसांना आपल्या घरची भाषा ऐकावयाची होती. गांधीजी म्हणाले, आपण मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गोखले खदखदून हसले. तुमचे हिंदुस्थानी मला ठाऊकच आहे, हे मराठी कोठे शिकलात, असे त्यांनी विचारले. मराठी बोलता येत नाही, पण विषय माझा असल्याने मतलब उचलीन, असे गांधीजींचे उत्तर. अखेर गोखल्यांनी ऐकले, आणि तेथून झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलले. 'मुसलमानाची भाषा मराठी कशी?' असे आपल्या मुलांस आजही कोणी विचारतो. त्यास हा प्रसंग जरूर सांगावा.

जनरल बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीनंतर, गिरमिटमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाणार, अशी गोखल्यांची खात्री झाली. ती पुढे खोटी ठरली. त्यात १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माप्रमाणे झालेले लग्न कायद्याने लग्नच नव्हे. खटला बाई मरियम नावाच्या मुसलमान स्त्रीचा होता. एका निकालाने हजारो घरांतल्या पत्नी परक्या ठरल्या! तेव्हा स्त्रियाही रस्त्यावर उतरल्या. डरबनच्या फातिमा मेहताब आपली आई हनीफाबाई आणि लहान मुलगा यांच्यासह सरहद्द ओलांडून तुरुंगात गेल्या. न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतील मजुरांनी संप केला आणि दोन हजारांवर माणसे ट्रान्सवालकडे पायी निघाली.

१९१४ च्या जुलैमध्ये कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला, एकपत्नी विवाह मान्य झाले. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यास वारले. मताधिकाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९८४ साली हिंदी लोकांसाठी एक वेगळे दुय्यम सभागृह काढले गेले, तेव्हा बहुसंख्य हिंदी मतदारांनी त्यावर बहिष्कार टाकला. सर्वांच्या बरोबरीचे मत त्यांना मिळाले एप्रिल १९९४ मध्ये. नाताळचे ते पहिले बिल आले त्यास तेव्हा शंभर वर्षे झाली होती.