ऋतुचक्र आणि कॅमेरा : कोल्हापूर परिसरातील वन्यजीव छायाचित्रण

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग आहे, तर पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्याचा सपाट प्रदेश. गगनबावड्याला पावसाळ्याचे चार महिने धुवाधार पाऊस कोसळतो; शिरोळकडे जाताना त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. काही तासांच्या प्रवासात सदाहरित जंगल, जांभ्या दगडाचे सडे, भात व उसाची शेती, नदीकाठ, तलाव आणि माळरान असे सारे अधिवास ओलांडले जातात. त्यामुळे पक्षी व वन्यजीवांच्या छायाचित्रणासाठी हा जिल्हा बाराही महिने काही ना काही देतो. मात्र कोणत्या महिन्यात कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे ठाऊक नसेल तर महागडी भिंगेही निरुपयोगी ठरतात.

या मातीला शिकार आणि कॅमेरा या दोहोंची परंपरा आहे. संस्थानकाळात येथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार केली जात असे आणि दाजीपूरचे जंगल राजघराण्याचे राखीव शिकारक्षेत्र होते. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी बनावटीचा चित्रपट कॅमेरा तयार केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत राधानगरीचा समावेश झाला. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, असे म्हटले जाते ते याच अर्थाने.

हिवाळा : पाणथळींचा मोसम

नवोदिताने सुरुवात करावी ती हिवाळ्यात आणि शहराजवळच्या पाण्यापासून. रंकाळा, कळंबा, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील तळी आणि पंचगंगेचा काठ येथे ढोकरी, वंचक, पाणकावळे, हळदी-कुंकू बदके, खंड्या आणि जांभळी पाणकोंबडी हे रहिवासी पक्षी सहज दिसतात. ऑक्टोबरपासून त्यांच्यात उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची भर पडते. धोबी, तुतारी हे लहान पक्षी चिखलाच्या कडेने वावरतात. जिल्ह्यातील तलावांवर व धरणांच्या फुगवट्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचा शोध घेता येतो. पूर्वेकडील माळावर भोवत्या जातीचे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत जातात आणि ज्वारीची कणसे भरू लागली की भोरड्यांचे थवे शिवारावर उतरतात.

या ऋतूत आकाश स्वच्छ असते आणि ऊन तिरपे. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे असावा आणि कॅमेरा शक्य तितका पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. काठावर बसून वा पालथे पडून घेतलेल्या चित्रात पाण्याची पार्श्वभूमी मऊ होते आणि पक्षी उठून दिसतो. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या एक हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक लागतो. गडद पाण्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्याच्या बाबतीत कॅमेऱ्याचा मापक हमखास फसतो. तो काळोखाचा हिशेब करून जादा प्रकाश घेतो आणि बगळ्याच्या पिसांचा पोत नाहीसा होतो. अशा वेळी प्रकाशमान हेतुपुरस्सर कमी करावे लागते.

उन्हाळा : फुले, फळे आणि पाणवठे

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. निष्पर्ण फांद्यांवरील लाल-केशरी फुलांत मध पिण्यास मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची रीघ लागते. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा बहरलेले एखादे झाड निवडून त्यापासून अंतर राखून स्वस्थ बसणे अधिक फलदायी ठरते. तोच न्याय उंबर-वडाच्या फळांना लागू पडतो. फळांनी लगडलेल्या अशा झाडावर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल थव्याने येतो आणि पश्चिमेच्या जंगलात धनेशही.

राधानगरीच्या जंगलात याच काळात पाण्याचे स्थान आक्रसत जाते आणि गवे पाणवठ्याकडे व कुरणांकडे येतात. वैशाख पौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद घेण्याचा प्रघात याच निरीक्षणावर आधारलेला आहे. गवा शांत वाटला तरी प्रौढ नराचे वजन टनाच्या घरात जाते. त्याने मान वर करून रोखून पाहिले, फुरफुरला, की चित्राचा मोह सोडून मागे फिरावे. राज्यप्राणी शेकरूसाठी मात्र उंच झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

मे महिन्याच्या उत्तरार्धात, वळवाचे पाऊस पडून गेल्यावर, राधानगरी परिसरात काजवे चमकू लागतात. नर काजव्याची लुकलुक ही मादीला दिलेली साद असते. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांमुळे ती साद हरवते. तिवई, दीर्घ प्रकाशन आणि पूर्ण काळोख एवढेच साहित्य येथे लागते. हजारो ठिपक्यांनी उजळलेली जी चित्रे प्रसिद्ध होतात, त्यांतील अनेक चित्रे एकाच जागेवरून घेतलेल्या कित्येक चौकटी एकत्र करून तयार केलेली असतात, हेही पाहणाऱ्याने लक्षात घ्यावे.

पावसाळा : सड्यांवरचे जग

मोसमी पावसाच्या आगेमागे नवरंग रानात शीळ घालू लागतो आणि आफ्रिकेतून येणारा चातक माळावर दिसतो. विद्यापीठाच्या आवारात मोर पिसारा फुलवून नाचतात. पावसाळा सरता सरता त्यांची लांब पिसे गळून पडतात, त्यामुळे पूर्ण पिसाऱ्याचे चित्र हवे असल्यास ऑक्टोबरची वाट पाहून चालत नाही. उसाच्या पट्ट्यात विहिरींवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीची घरटी लोंबू लागतात. नर पक्षी उसाच्या पात्याची लांब चिरफळी काढून ती विणतो.

दाजीपूरचे जंगल पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. अशा वेळी पन्हाळ्याजवळचे मसाई पठार रानफुलांसाठी, तर आजऱ्यामार्गे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली बेडकांसाठी गाठली जाते. जांभ्या सड्यावरील उथळ डबक्यांत प्रजनन करणारा आंबोलीचा भेक २००९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून शास्त्रीय जगाला ज्ञात झाला. त्याचा वावर अतिशय मर्यादित प्रदेशात आहे. रात्री बेडकांच्या शोधात फिरणाऱ्यांच्या बुटांखाली आणि वाहनांच्या चाकांखाली हेच जीव येतात, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहणे हा येथील पहिला नियम. ढगाळ प्रकाश सौम्य असल्याने ओल्या रंगांना उठाव येतो. परंतु तो अपुरा असतो आणि दमटपणामुळे भिंगांवर बुरशी चढते. उपकरणे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे, हाच त्यावरचा साधा उपाय.

घरट्यापुढे थांबलेला कॅमेरा

ऋतूंच्या या वेळापत्रकात एक पेच आहे. पक्षी सर्वांत देखणे, बोलके आणि एका जागी खिळलेले असतात ते विणीच्या काळात. म्हणजे व्यत्ययाने त्यांचे सर्वाधिक नुकसान होते त्याच काळात. धनेशाचे उदाहरण पुरेसे आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक चीर उघडी ठेवली जाते. आतील मादी आणि पिल्ले कित्येक आठवडे नराने आणलेल्या अन्नावर जगतात. ढोलीसमोर माणसांची गर्दी झाली तर नर येण्याचे टाळतो आणि त्या चिरेपलीकडे उपासमार सुरू होते. उघड्या माळावर अंडी घालणाऱ्या टिटवीचीही तीच गत. ती अंड्यांवरून उठली, की एप्रिलचे ऊन थेट अंड्यांवर पडते.

घरट्यापुढची पाने-फांद्या तोडून 'दृश्य मोकळे' केल्यास कावळे आणि शिक्रा यांनाही वाट मोकळी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करण्याचा समावेश केला आहे. बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलला म्हणजे शिकार संपली, असे कायदा मानत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनेही अभयारण्यातील छायाचित्रणाच्या परवान्याला अधिवासात बदल न करण्याची आणि त्यावर दुष्परिणाम न होऊ देण्याची अट जोडली आहे.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हाही असाच प्रकार. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून नर आपले खाणे व पिल्लांना भरवणे सोडून हद्द राखायला धावतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पक्षी सतत इशारा देत असेल, तोंडात चारा धरूनही घरट्यात जात नसेल किंवा वारंवार उडून जात असेल, तर अंतर कमी पडले आहे. अशा वेळी मागे सरावे, नाहीतर निघून जावे.

चित्राचे मोल केवळ त्याच्या देखणेपणात नसते. तारीख, वेळ आणि स्थळ यांची नोंद असलेले साधे छायाचित्रही काही वर्षांनी पुरावा ठरते. चातक कोणत्या आठवड्यात आला, तलावावर बदके किती दिवस राहिली, पांगारा कधी फुलला, हे अशा नोंदींवरून ताडून पाहता येते. ई-बर्डसारख्या खुल्या संग्रहांत सर्वसामान्य निरीक्षकांच्या नोंदी अभ्यासकांना उपलब्ध होतात. घरट्याचे व दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये. एकाच तलावावर वर्षभर, दर पंधरवड्याला जाणारा छायाचित्रकार त्या पाण्याचे ऋतू ओळखू लागतो आणि कोणत्या सकाळी कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, हेही त्याला उमगते.