उसापायी गेलेला नाताळ

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांना गळीत हंगामाची ओढाताण नव्याने सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या घर सोडतात. सण आणि कारखाना यांचा मेळ ज्याचा त्यालाच बसवावा लागतो. परंतु हंगामासाठी सरकारनेच सणाची सुट्टी रद्द करावी, असे क्यूबात घडले.

१९५९ साली फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती यशस्वी झाली, तेव्हा क्यूबा हा प्रामुख्याने कॅथलिक परंपरेचा देश होता. १९६१ मध्ये सरकारने चर्चच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि शंभराहून अधिक धर्मगुरूंना देशाबाहेर धाडले. तरीही २५ डिसेंबरची सुट्टी टिकून होती. ती गेली १९६९ मध्ये. १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखर काढण्याचा विडा कॅस्ट्रो यांनी उचलला होता. तोडणीत खंड नको म्हणून नाताळ बाजूला सारला गेला. कारकून, विद्यार्थी, सैनिक असे सारे कोयते घेऊन फडात उतरले. साखर निघाली सुमारे ८५ लाख टन. क्यूबाच्या दृष्टीने तो विक्रम होता, पण संकल्प हुकला आणि कॅस्ट्रो यांनी ते जाहीरपणे कबूल केले.

ऊस गाळून झाला, सुट्टी मात्र परतली नाही. कारण हंगामाचे दिले होते. हंगाम सरला तरी निर्णय राहिला. १९७६ च्या राज्यघटनेने शास्त्रीय जडवाद हाच राज्याचा पाया मानला. श्रद्धावंतांना कम्युनिस्ट पक्षाचे दार बंद होते. नाताळ काही घरांत आणि चर्चमध्ये उरला. रस्त्यावरून आणि शाळकरी मुलांच्या वर्षातून तो गेला.

पुढे सोव्हिएत संघाचा आधार तुटत चालला, तसे वारे फिरले. १९९१ मध्ये पक्षाने श्रद्धावंतांना प्रवेश दिला, १९९२ मध्ये घटनेतील निरीश्वरवादी भूमिका वगळली गेली. १९९६ च्या नोव्हेंबरात कॅस्ट्रो व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले व त्यांना क्यूबाभेटीचे निमंत्रण दिले. त्या भेटीच्या तोंडावर, १९९७ च्या डिसेंबरात, नाताळची सुट्टी मिळाली. पण ती पाहुण्याच्या मानाखातर, त्या एका वर्षापुरती. जानेवारी १९९८ मध्ये पोप आले. हवानाच्या क्रांती चौकात, चे गव्हेराच्या भव्य चित्रासमोर, त्यांनी प्रार्थनाविधी केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुट्टी कायम झाली.

या दोन डिसेंबरांतले अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिल्यात सवलत होती, दुसऱ्यात मान्यता. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. मान्यता मिळाली की दरवर्षी हात जोडावे लागत नाहीत. २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे येऊन गेल्यावर गुड फ्रायडेची सुट्टीही अशीच आधी एका वर्षापुरती मिळाली आणि नंतर कायम झाली.

सरकारने सुट्टी काढल्याने सण मरत नाही, हे क्यूबाने दाखवले. पण १९६९ साली जन्मलेल्या क्यूबन मुलाने नाताळची सुट्टी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. त्याचे बालपण कोणत्याही फर्मानाने परत येणार नव्हते.