शंखजिऱ्यात ना शंख, ना जिरे

कुवेतच्या इस्पितळांत शस्त्रक्रिया विभागावर ‘जिराहा’ अशी अरबी पाटी दिसते. ‘जुर्ह’ म्हणजे जखम, त्यावरून ही जिराहा. इथली मराठी माणसे त्या पाटीखालून रोज जातात, पण या शब्दाचे एक भावंड आपल्या आजीच्या बटव्यात होते हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते म्हणजे शंखजिरे.

फारसीत ‘संग’ म्हणजे दगड आणि ‘जराहत’ म्हणजे जखम. संग-ए-जराहत हा जखमेवरचा दगड. रक्त थांबावे म्हणून हकीम त्याची पूड जखमेवर दाबत. आपल्या तोंडी त्याचे संगजिरे झाले आणि शंखजिरेही. पूड पांढरीशुभ्र, म्हणून शंख शोभला. ‘जराहत’चा अर्थ लागेना, तिथे स्वयंपाकघरातले जिरे येऊन बसले. संगमरवर आणि संगीन या शब्दांत मात्र तोच ‘संग’ शाबूत राहिला.

हा दगड रूपांतरित खडकांच्या कुळातला. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या मॅग्नेशियमयुक्त खडकात पाणी मुरले की आधी सर्पेंटाइन बनते. पुढे कार्बन डायऑक्साइड असलेले गरम पाणी त्यातून फिरले की मऊ टाल्क, म्हणजे हेच आपले शंखजिरे, आणि मॅग्नेसाइट तयार होतात. दुसरी वाट डोलोमाइटची: सिलिका घेऊन आलेले गरम पाणी त्यात शिरते आणि टाल्क व कॅल्साइट उरतात. या सगळ्यात खडक वितळत नाही. घन असतानाच त्यातले अणू नवी मांडणी करतात. शब्दाचेही तसेच झाले: ध्वनी बहुतेक तेच राहिले, अर्थाची घडण बदलली.

संग्राहकांना हवी असलेली काही रत्नेही अशाच खडकांत सापडतात. पाचूला बेरिलियम लागते, आणि त्याचा हिरवा रंग बहुधा क्रोमियमचा. ही दोन मूलद्रव्ये एका खडकात क्वचितच भेटतात. स्वात खोऱ्यात मिंगोराजवळ टाल्क-कार्बोनेटच्या खडकात ती भेटली, म्हणून तिथे पाचूच्या खाणी आहेत.

कुवेतच्या भूमीवर असे खडक नाहीत. वाळू, वालुकाश्म आणि चुनखडक, एवढेच. तरीही या दगडाच्या कोरीव कामाचा फार मोठा ठेवा इथल्याच फैलका बेटावर निघाला. 1958 पासून डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केले आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून संस्कृतीचे शेकडो गोल शिक्के हाती आले. दगड अर्थातच समुद्रापलीकडून आलेला. शिक्का जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. पाठीवर हलका फुगवटा, त्यावर तीन समांतर रेघा आणि बाजूंना चार वर्तुळे, प्रत्येकाच्या मध्यभागी टिंब. पुढच्या बाजूला हरणे, बैल, माणसे इतकी दाटीने कोरलेली की रिकामी जागा शोधावी लागते. मला ते कारागीर फार मोठे वाटतात.

एवढे बारीक काम साधले ते टाल्कच्या मऊपणामुळे. मोहसच्या मापपट्टीवर त्याचा क्रमांक पहिला, नखानेही ओरखडा उठतो. पण कोरून झाल्यावर त्याला भट्टी दिली की त्यातले पाणी निघून जाते, नवे खनिज बनते आणि दगड चांगलाच कठीण होतो. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनाही ही युक्ती ठाऊक होती.

खुद्द ‘टाल्क’ हा शब्दही याच परिसरातला. फारसी ‘तल्क’चे अरबीत ‘तल्क़’ झाले. अभ्रकासारख्या चकचकीत पापुद्र्यांच्या खनिजांनाही ते नाव चाले. लॅटिनमध्ये जाऊन ते ‘टाल्कम’ झाले आणि पावडरीच्या डब्यावर बसून जगभर फिरले. आज अरबी दुकानांतल्या डब्यांवर ‘बूदरत अत-तल्क’ लिहिलेले आढळते, तेही बहुतेक जुन्या अरबी ‘तोय’ आणि ‘क़ाफ’ने नव्हे, तर साध्या ‘ते’ आणि ‘काफ’ने, म्हणजे युरोपातून परत आलेल्या पाहुण्याच्या स्पेलिंगने.