कोट, बाहेरकोट आणि मधलें मैदान

मुंबई शहराच्या इतिहासाविषयीं लिहितांना एक विधान पुनःपुन्हा करण्यांत येतें. तें असें कीं, सर बार्टल फ्रिअर हे १८६२ सालीं मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांनीं कोटाचा तट पाडविला, आणि त्यायोगें तटाच्या आंतील व बाहेरील अशीं जीं दोन शहरें होतीं तीं एक झालीं. अध्यापनाच्या काळांत आम्हीहि हें वाक्य कित्येक वर्षें मुलांस सांगत आलों. पुढें एकदां वर्ग घेऊन आम्ही हुतात्मा चौकांत उभे असतां, "येथें चर्चगेट दरवाजा होता" असें सांगितल्यावर एका मुलानें विचारलें, "सर, भिंत पाडली, मग मधली जागा मोकळीच कां राहिली?" त्या वेळीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. निवृत्तीनंतर जुनीं पुस्तकें व नकाशे चाळतांना या प्रश्नासंबंधानें जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम नांवांचा विचार करूं. मुंबईचा जुना रहिवासी 'फोर्ट' म्हणत नसे. तो 'कोट' म्हणे, आणि त्यापलीकडील वस्तीस 'बाहेरकोट' म्हणे. पारशी व गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडीं हा शब्द विशेष होता. गिरगांव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी अशीं निरनिराळ्या भागांचीं नांवें होतींच. पण त्यांच्या समुदायास जें नांव पडलें तें तटाच्या अपेक्षेनें पडलें. बाहेर कशाच्या, तर कोटाच्या. इंग्रजी कागदांत त्याच वस्तीस 'नेटिव टाउन' म्हटलेलें आढळतें. दोन्ही नांवांतून एकच गोष्ट दिसते, ती ही कीं, हे दोन भाग एकमेकांचे शेजारी असले तरी एक नव्हते.

तट घालण्याचें काम गव्हर्नर चार्ल्स बून (१७१५–१७२२) यांच्या कारकीर्दींतलें. त्यास मुख्य दरवाजे तीन: दक्षिणेस अपोलो, पश्चिमेस चर्चगेट, उत्तरेस बाजारगेट. खंदक मात्र मागाहून झाला, आणि त्याचें कारण आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचें वाटेल. साष्टी १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आली होती; मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. मुंबई बेटाच्या अगदीं उंबरठ्याशीं मराठ्यांचें राज्य येऊन भिडलेलें पाहून कंपनीच्या अधिकाऱ्यांस धडकी भरली. खंदकाचें काम निघालें, व त्यासाठीं शहरांतील प्रमुख व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. वसईचा विजय आपण पेशव्यांच्या बाजूनें पुष्कळ वाचतों. त्याच विजयानें मुंबईच्या उदरांत एक रेघ ओढली गेली, इकडे सहसा लक्ष जात नाहीं.

तट व खंदक झाले तरी तोफांस समोर मोकळी जागा हवी. तटासमोर घरें व माडांच्या वाड्या असल्या तर शत्रूस आडोसा मिळतो. म्हणून त्या काढून टाकण्यांत आल्या. या मोकळ्या पट्ट्याची मर्यादा वाढत वाढत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें १,००० यार्डांवर गेली. इंग्रजींत यासच 'एस्प्लनेड' म्हणत. मुंबादेवीचें मूळ स्थान बोरीबंदराच्या बाजूस होतें व तटबंदीच्या पायीं तें हलवावें लागलें, ही परंपरा सुप्रसिद्ध आहे. ज्या देवीवरून शहरास नांव मिळालें तीच बाहेरकोटांत गेली. मग माणसांची काय कथा! तात्पर्य, हें मैदान कोणीं विहारासाठीं राखलेलें नव्हतें. गोळा लागूं करण्यासाठीं तें मोकळें केलें होतें.

वस्ती वेगवेगळी ठेवण्याची कल्पना टोपीकरांनींच आणली, असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुर्गाभोंवतीं तीन परिखा सांगितल्या आहेत, आंतील वर्णांस दिशा वांटून दिल्या आहेत, आणि चांडाळांस स्मशानाच्या कडेस वास नेमला आहे. परंतु त्याच दुर्गनिवेशाच्या प्रकरणांत पूर्वपश्चिम तीन व दक्षिणोत्तर तीन राजमार्ग आणि बारा द्वारें सांगितलीं आहेत. वस्ती वांटणाऱ्या शास्त्रकारासहि ती जोडणारे मार्ग आंखावे लागले. मुंबईच्या कोटास दरवाजे तीनच, आणि रात्रीं तेहि बंद होत.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटाच्या उत्तर भागास मोठी आग लागली. जळालेल्या वस्तीपैकीं पुष्कळांनीं पुन्हां आंत न बांधतां मैदानापलीकडे घरें केलीं, व बाहेरकोट झपाट्यानें वाढला. कोटाच्या आंतहि चर्चगेट रस्त्याच्या दक्षिणेस साहेब लोक आणि उत्तरेस पारशी, बनिये इत्यादिकांची दाट वस्ती, अशी विभागणी होतीच. उन्हाळ्यांत युरोपियन लोक मैदानावर तंबू ठोकून हवा खात. बाहेरकोटांतून कचेरीस येणारा कारकून तेंच मैदान उन्हांतून पायीं तुडवीत येई.

या काळांत दोन्ही बाजूंच्या माणसांस उपयोगी पडणारी एक जागा मात्र तटाबाहेर होती, व ती आजहि आहे. भिखा बेहराम या पारशी गृहस्थांनीं १७२५ सालीं चर्चगेटाबाहेर विहीर खणविली. येणाऱ्याजाणाऱ्या तान्हेल्यास गोडें पाणी मिळावें हा तिचा हेतु होता. तट पडला, खंदक बुजला, पण ही विहीर आपल्या जागीं राहिली. पुढें ती पारशी समाजाचें पवित्र स्थान झाली, आणि आतां इतर लोकांस तिच्या आवारांत प्रवेश नाहीं. या फरकाविषयीं आम्ही कांहीं म्हणूं इच्छीत नाहीं. फक्त त्याची नोंद करितों.

आतां तट पाडण्याकडे वळूं. फ्रिअर साहेबांच्या कारकीर्दींत तट, बुरूज व दरवाजे निघाले आणि खंदक भरून काढण्यांत आला. हें काम व्हावयाच्या ऐन सुमारास, म्हणजे १८६३ सालीं, गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' छापून प्रसिद्ध झालें. तट उभा असलेली मुंबई डोळ्यांनीं पाहून मराठींत लिहिलेलें तें पुस्तक होय. त्यानंतर २६ वर्षांनीं, १८८९ सालीं, आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' निघाला. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं, आणि त्यांच्याबरोबर डिकिन्सन यांच्या पाहणीचा (१८११–१८२७) व लॉटन यांच्या पाहणीचा (१८६५–१८७२) नकाशा उलगडावा, असें आम्ही प्रत्येक जिज्ञासूस सुचवूं. पहिल्या नकाशांत मैदान हें एक सलग पोकळी आहे. दुसऱ्यांत तीच जागा रस्त्यांनीं व इमारतींनीं कापली जात असलेली दिसते. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर येथून सुरू होतें. मधली जागा सगळी मोकळी राहिलीच नाहीं. तिचे तुकडे झाले, आणि कोणत्या तुकड्यानें दोन वस्त्या जोडल्या व कोणत्यानें त्या पुन्हां दूर ठेवल्या, हें तुकड्यागणिक वेगळें पाहावें लागतें.

ज्याची स्तुति सर्वांत अधिक होते तो तुकडा पश्चिमेचा. तेथें सेक्रेटरिएट (१८७४), विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा व हायकोर्ट (दोन्ही १८७८) अशा भव्य इमारतींची ओळ उभी राहिली. त्यांच्या सौंदर्याविषयीं वाद नाहीं. २०१८ सालीं युनेस्कोनें ही ओळ व समोरील ओव्हल मैदानापलीकडचीं घरें जागतिक वारसा म्हणून मानिलीं. पण त्या इमारतींचें तोंड कोणीकडे आहे तें पाहावें. तें समुद्राकडे आहे. भुलेश्वरकडून येणाऱ्या माणसासाठीं ती ओळ नव्हती. तट गेला व त्याच्या जागेच्या आसपास दगडांचीच एक दुसरी रांग झाली, असें कोणीं म्हटल्यास तें अगदींच अन्यायाचें होणार नाहीं.

उलट ज्या जागेचा उल्लेख वारसाप्रेमी मंडळी दुय्यम म्हणून करितात, तिनें खरें काम केलें असें आमचें मत आहे. ती म्हणजे मैदानाच्या उत्तर टोंकास, बाहेरकोटाच्या अगदीं तोंडाशीं उभारलेली मंडई. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकारानें ती झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, दर्शनी भागावरील शेतकऱ्यांचीं उठावाचीं चित्रें लॉकवुड किपलिंग यांचीं, आणि ती १८६९ सालीं पुरी झाली. आज तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव आहे. तिची जागा नकाशावर बोट ठेवून पाहावी: एका बाजूस कोटाकडून येणारा रस्ता, दुसऱ्या बाजूस पायधुणीकडे जाणारा. कोटांतील बंगल्याच्या बटलरास भाजी व मांस हवें, बाहेरकोटांतील गृहस्थास फळें हवीं. दोघांसहि एकाच छपराखालीं यावें लागे. मंडई तटाच्या दक्षिणेस, म्हणजे कोटाच्या पोटांत बांधली असती तर बाहेरकोटाचे लोक तेथें नोकर म्हणून गेले असते, गिऱ्हाइक म्हणून नव्हे.

दुसरें काम ट्रामनें केलें. ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून मंडईवरून पायधुणीस जाई व दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस. दोन्ही मार्ग पाहिले म्हणजे ध्यानांत येतें कीं, ट्रामच्या आंखणी करणारांनीं मैदान ओलांडणें हेंच मुख्य काम मानिलें होतें. एका बांकावर कोण कोणाशेजारीं बसलें हें कोठें लिहिलेलें नाहीं. पण बांक एक होतें. ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईची ट्राम बंद झाली तोंपर्यंत हा परिपाठ चालला.

कोटाच्या आंतील जुन्या शिवणीवरहि एक वर्तुळ झालें. सेंट टॉमस देवळासमोरच्या हिरवळीवर पूर्वीं कापसाचा बाजार भरे. तो १८४४ सालीं कुलाब्यास गेल्यावर ती जागा उकिरडा बनली होती. पोलीस कमिशनर फोर्जेट यांच्या सूचनेवरून तेथें गोल बाग व भोंवतीं एकसारख्या कमानींच्या इमारती झाल्या. हेंच एल्फिन्स्टन सर्कल, १९४७ नंतरचें हॉर्निमन सर्कल. याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं.

मैदानाचा जो भाग उघडा राहिला त्यावरून तंटा झाला, व तो बोधप्रद आहे. १८७५ सालीं मैदानावर बाँबे जिमखाना निघाला. तेथें एतद्देशीयांस सभासदत्व नव्हतें. उरलेल्या जागेंत पारशी व हिंदु मुलें क्रिकेट खेळत, आणि त्याच जागेवर जिमखान्याचे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे व चेंडू सरळ येईनासा होई. १८८१ सालापासून एतद्देशीय खेळाडूंनीं सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनीं या झगड्याची हकीकत १८९७ सालीं पुस्तकरूपानें लिहून ठेविली आहे. परिणाम असा झाला कीं, पुढें समुद्रकांठीं पारशी, हिंदु व मुसलमान यांस निरनिराळ्या जिमखान्यांसाठीं निरनिराळ्या जागा मिळाल्या. तक्रार मिटली, पण प्रत्येक समाजाचें कुंपण वेगळें झालें. ज्या मैदानावर सर्वांनीं खेळावें अशी मागणी होती, तिचें उत्तर सरकारनें मैदान वांटून दिलें.

१९३० च्या कायदेभंगाच्या काळांत याच एस्प्लनेडवर हजारोंचे जमाव जमले. त्याचा एक भाग आज आझाद मैदान म्हणून ओळखला जातो. आणि चर्चगेट दरवाजाच्या जागीं १८६९ सालीं जें कारंजें बसविलें होतें, त्याच्याजवळ २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. ज्या ठिकाणीं एके काळीं बाहेरकोटाच्या माणसास रात्रीं अडविलें जात असे, त्याच ठिकाणीं गिरणगांवाचा कामगार चालून आला होता. जागेचा हा इतिहास स्मारकाच्या दगडावर नाहीं.

तटाचा एक लहान अवशेष सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूस अद्याप उभा आहे. पाहूं इच्छिणारांनीं अवश्य पाहावा. आमच्या संग्रहकर्त्या मित्रांस मात्र एक विनंति आहे. आम्हीं वापरलेलीं साधनें बहुतेक छापील आहेत, आणि तीं तटाकडे इंग्रजाच्या किंवा ग्रंथकाराच्या नजरेनें पाहतात. ज्यांचें दुकान कोटांत व घर बाहेरकोटांत होतें अशा व्यापाऱ्यांच्या किंवा कारकुनांच्या घराण्यांत मोडी वह्या, रोजकीर्दी, खासगी पत्रें असावींत. दरवाजा बंद झाल्यामुळें रात्र कोटांत काढावी लागली, हमालास दरवाजापाशीं थांबविलें, मालाच्या गाड्या अडल्या, अशी एखादी ओळ कोणाच्या दप्तरांत सांपडल्यास तिची नक्कल, वहीच्या सालासह, या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं. आम्ही स्वतः येऊन पाहूं.