रजपूतवाडीचं आवतण

सन 1912. उन्हाळा. पंचगंगेच्या काठच्या एका गावात, सोप्यात तुम्ही उभे आहात. आत लगीनघाई आहे. थोरली काकी परातीतल्या तांदळाला कुंकू चोळते आहे, तिचे तळवे लाल झालेत. "पयली अक्षत देवाला," ती बजावते, आणि तुम्ही बाप्येमाणसांबरोबर वाजतगाजत निघता.

गणपती झाला, ग्रामदैवत झालं, मग भाऊकी. इथं पावलं जपून टाकायची. धाकट्या चुलत्याचं दार आधी गाठलं तर थोरला रुसेल आणि मांडवात पाऊल टाकणार नाही. प्रत्येक उंबऱ्यावर अक्षत ठेवायची, वार आणि मुहूर्त सांगायचा, आणि शेवटी खरा शब्द: "चूलबंद हाय बरं का." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, म्हाताऱ्या आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे जेवायला आमच्याकडे. ज्या घराला चूलबंद सांगितलं नाही, त्या घरातून एकट्या कर्त्यानं यायचं असतं. हे कुणी समजावून सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. सासरी असलेल्या लेकीसाठी मुऱ्हाळी बैलगाडी जुंपून केव्हाच गेलाय. लेकीनं वाट पाहायची ती त्याचीच. मूळ आल्याशिवाय ती माहेरी निघणार कशी?

दुपारी कुस्त्या बघायला तुम्ही कोल्हापुरात पोचता. खासबागेचं मैदान यंदाच पुरं झालंय. 1902 च्या युरोपच्या प्रवासात शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम पाहिलं, आणि त्याच धर्तीवर 1907 पासून इथं काम चाललं होतं. मैदान बशीसारखं खोलगट, कुठंही बसा, आखाडा पुरा दिसतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास तुमच्या नाकात शिरतो. हलगी कडाडते आणि एक पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारू लागतो. तोंडातून अक्षर निघत नाही. तो वर केलेला हात म्हणजेच सांगणं आहे: ज्याच्या अंगात धमक असेल त्यानं यावं. गर्दीतून एक जण उठतो, अंगरखा काढून सोबत्याच्या हाती देतो, मातीत उतरून शड्डू ठोकतो. पंच दोघांची अंगं न्याहाळतात, जोड बसते. चिमूटभर माती एकमेकांच्या हातावर देऊन सलामी झडते. मला कुस्तीतला हा क्षण डावपेचांहून मोठा वाटतो. ज्याला उलथवायचं, त्याला आधी बरोबरीचा मानून हात द्यावा लागतो.

आता हलगी वाजवणाऱ्याकडे बघा. पैलवानाच्या अंगात वारं भरतं ते त्याच्या टिपऱ्यांनी. सांजेला त्याच्या मागोमाग चालत जा. तो तुमच्याच गावाबाहेरच्या वस्तीत शिरतो. शेजारच्या महारवाड्यातला माणूस दिवसभर पायपीट करून नुकताच परतलाय. पाटलाचा निरोप या गावाहून त्या गावाला न्यायचा, कुणी मेलं तर ती बातमी उन्हापावसात पोचवायची, हे वतनाचं काम त्याच्या बापजाद्यांपासून चालत आलंय. सकाळी तुम्ही ज्या गल्ल्यांतून अक्षत वाटत फिरलात, त्यातली एकही इकडं वळली नव्हती. साऱ्या पंचक्रोशीचे सांगावे याच्या पायांवर चालतात, आणि याच्या दारी मात्र चूलबंद सांगायला कुणी येत नाही. लग्नाच्या दिवशी मांडवाबाहेर, पंगती उठल्यावर उरलेलं मिळेल, त्याची वाट पाहत त्याची पोरं बसतील. तुम्ही सकाळची परात आठवता आणि मान वर करवत नाही.

आठ वर्षं पुढं चला. मधल्या काळात, 1918 साली, महाराजांनी संस्थानातली महार वतनं रद्द केली आहेत. आता 1920, मार्चची 21 तारीख, माणगाव. बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आहे. कोसकोस चालत आलेल्या माणसांत तुम्ही मांडी घालून बसता. अध्यक्ष 28 वर्षांचे आहेत. नाव भीमराव आंबेडकर. परदेशात शिकून आलेले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवणारे. जानेवारीअखेर त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते.

महाराज बोलायला उभे राहतात. तुम्हाला तुमचा खरा पुढारी सापडला आहे, असं ते समोरच्या माणसांना सांगतात, आणि हा पुढं साऱ्या देशाचा पुढारी होईल, असंही. बोलता बोलता ते अध्यक्षांकडे वळतात आणि जाण्याआधी रजपूतवाडीच्या आपल्या कॅम्पवर सर्वांसोबत जेवायला येण्याची विनंती करतात.

तुमच्या शेजारचा म्हातारा ताठ होतो. "जेवायला म्हनलं का?" तो तुम्हाला विचारतो. तुम्ही होय म्हणता. "समद्यांच्या म्होरं?" पुन्हा होय. छत्रपतीच्या पंक्तीचं आवतण भरल्या सभेत, अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला, आणि तेही विनंती करून. एकांतात बोलावता आलं असतं, रात्री घोडागाडी पाठवता आली असती. पण हजार कानांदेखत दिलेला शब्द उद्या कुणी मागं घेऊ शकत नाही आणि ऐकलाच नाही असंही म्हणू शकत नाही, म्हणून तो असा दिला असावा, असं मला मनापासून वाटतं.

परिषद ठराव करते: शाहू महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करायचा. म्हाताऱ्याला तारीख नीट ऐकू आलेली नाही. तुम्ही सांगता, "26 जून." तो बोटांवर महिने मोजतो, मग कोणत्या गावचे तुम्ही विचारतो आणि स्वतःच्या गावची वाट समजावून सांगू लागतो: ओढा ओलांडला की डाव्या हाताला, चिंचेपाशी कुणालाही विचारा. "समद्यांस्नी घेऊन या," तो म्हणतो. "चूलबंद."